कार्डांमधून जाणारी हवा

दृष्टिहीन वाचकांसाठी मी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. घरातल्याच एका लहान खोलीत, दार-खिडक्या लावून, छताचा पंखा बंद करून, माइकसमोर बसून. हे काम रोज करणाऱ्या माणसाला आपल्या खोलीतला एकेक आवाज ओळखीचा होतो. खुर्चीची कुरकुर, पानाची सळसळ, भिंतीपलीकडचा नळ. आणि सगळ्यांत जवळचा, टेबलाखालच्या कॉम्प्युटरचा. म्हणूनच कॉम्प्युटर घेताना मी मुद्दाम लहान घेतला. साधारण १८ लिटरचं कॅबिनेट, म्हणजे आत एका बादलीएवढीच जागा. पुढे एक पंखा, मागे एक, आणि वीज पुरवणाऱ्या डब्याचा, म्हणजे एसएमपीएसचा तिसरा. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, जादा कार्डं खोचायला चार स्लॉट, चारही रिकामे. तेव्हा तो इतका शांत होता की चालू आहे की बंद, हे दिवा बघून कळायचं.

मग एकेक कार्ड येत गेलं. आवाजातली घरघर काढणारा प्रोग्रॅम ग्राफिक्स कार्डावर कितीतरी लवकर काम उरकतो, म्हणून एक छोटं ग्राफिक्स कार्ड बसवलं. वेगळी वायर न लागणारं, स्लॉटमधूनच वीज घेणारं. रेकॉर्डिंगं साठत गेली तशा हार्ड डिस्क चार झाल्या, त्यांना मदरबोर्डवरची जागा पुरेना, म्हणून सर्व्हरमधून निघालेलं एक वापरलेलं स्टोरेज कार्ड घेतलं. शेवटी फायली भराभर हलवता याव्यात म्हणून १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड. घेतलं ते प्रत्येक कार्ड कारणानेच घेतलं. स्लॉट मोकळा आहे ना, वीज पुरते ना, एवढं मी दर वेळी बघून घेत होते. कार्डाला हवाही लागते, हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं.

एका दुपारी एक मोठं प्रकरण वाचत होते. ३४ मिनिटं झाली होती. संवाद संपून एक संथ वर्णन सुरू झालं होतं आणि आवाज त्या वर्णनाला लागला होता. स्क्रीनवरची आवाजाची रेषा सरकायची थांबली. वाटलं, प्रोग्रॅम अडकला असेल. मग चारही डिस्क एकदम दिसेनाशा झाल्या. कॉम्प्युटर बंद करून थोड्या वेळाने चालू केला, तर डिस्क जागच्या जागी हजर, फक्त त्या दुपारची फाइल रिकामी. वाचनाला एक लय लागलेली असते. प्रकरण पुन्हा वाचता येतं, ती लय मागवून येत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यातूनच मी पुढचे तीन आठवडे या डब्याच्या मागे लागले.

आधी संशय डिस्कवर. त्या तपासल्या, चांगल्या निघाल्या. मग केबल बदलली. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. तेव्हा मशीन बंद केल्या केल्या कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला आणि स्टोरेज कार्डाच्या हीटसिंकला, म्हणजे चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांना, बोट लावलं. लावलं म्हणजे लागलं तेवढ्यात मागे आलं. साठ अंशांच्या पुढे गेलेल्या धातूवर बोट ठरत नाही, आणि हा हीटसिंक त्याच्या बराच पुढे गेलेला असावा. शेजारच्या ग्राफिक्स कार्डाला पंखा होता, तापमान सांगणारा सेन्सर होता, गरम झालं की ते आवाज करायचं. हे बिचारं कार्ड काहीच सांगत नव्हतं. पंखा नाही, मला वाचता येईल असा आकडा नाही, स्क्रीनवर सूचना नाही. तापत राहायचं, आणि सहन होईनासं झालं की हातातलं सगळं सोडून द्यायचं, एवढंच त्याला येत होतं.

त्याचं माहितीपत्रक शोधून वाचलं, तेव्हा पहिला उलगडा झाला. सर्व्हरसाठी बनलेल्या अशा कार्डांच्या कागदपत्रांत विजेबरोबर हवेचीही अट लिहिलेली असते. बहुतेक वेळा ती मिनिटाला २०० फूट या वेगाची असते, म्हणजे सेकंदाला साधारण १ मीटर. एवढा वारा हीटसिंकवरून सतत वाहत असेल हे गृहीत धरूनच त्याचा आकार ठरवलेला असतो. सर्व्हरमध्ये ती अट आपोआप पुरी होते. तिथे पुढच्या बाजूला पंख्यांची भिंतच असते, हवा या टोकाकडून त्या टोकाकडे सरळ ढकलली जाते, आणि एखादा कप्पा रिकामा असेल तर तिथेही बंद झाकण बसवतात, म्हणजे हवा त्या भोकातून पळून जाऊ नये. ते कार्ड तिथून उचलून मी माझ्या शांत डब्यात आणलं होतं. पंखा नसलेलं कार्ड म्हणजे शांत कार्ड, असा माझा समज होता. खरं तर त्याचा पंखा दुसरीकडे होता, आणि तो मी आणलाच नव्हता.

मग बहुतेक जण करतात तेच केलं. पत्रा काढूनच ठेवला. उघड्यावर असलेली वस्तू थंड राहणार, यात शंका कसली? ग्राफिक्स कार्डाचं तापमान खरंच उतरलं. स्टोरेज कार्डाचं मात्र, मल्टिमीटरची तापमानाची वायर हीटसिंकच्या पात्यांत खोचून मोजलं तर, तीन अंशांनी वाढलेलं. दोनदा मोजलं, तेच. ही गोष्ट मला बराच वेळ पटेना. नंतर समजलं की पत्रा बंद असताना पुढच्या पंख्याने ओढलेल्या हवेला आत जाण्यावाचून गत्यंतर नसतं, म्हणून थोडी का होईना कार्डांकडे जाते. पत्रा काढला की ती लगेच बाजूने बाहेर पडते आणि आतल्या कोपऱ्यात हवा स्तब्ध होते. स्वतःचा पंखा असलेल्या कार्डाला उघडी बाजू सोयीची, कारण ते आपल्यापुरती ताजी हवा ओढून घेतं. ज्याला पंखाच नाही, त्याच्यासाठी कॅबिनेटच्या भिंती म्हणजे पन्हळीच्या कडा. कडा काढल्या की पाणी पन्हळीत राहत नाही.

आत हवा नेमकी कुठून कुठे जाते हे डोळ्यांनी बघायचं ठरवलं. टिश्यू पेपरच्या एका पापुद्र्याच्या बोटभर लांबीच्या, काडीएवढ्या रुंद पट्ट्या कापल्या आणि मशीन बंद असताना त्या चिकटपट्टीने आत ठिकठिकाणी लावल्या. एक पुढच्या पंख्यामागे, एक ग्राफिक्स आणि स्टोरेज कार्डांच्या मधल्या फटीत, एक स्टोरेज कार्डाच्या हीटसिंकजवळ, एक अगदी मागे, रिकाम्या स्लॉटच्या तोंडाशी. पंख्यांच्या पात्यांत जाणार नाहीत एवढ्या अंतरावर. बाजूच्या पत्र्याऐवजी जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा त्याच मापाने कापून चारही बाजूंनी चिकटवला. कॉम्प्युटर सुरू केला आणि टॉर्च घेऊन जमिनीवर पालथी पडून बघत राहिले.

पुढच्या पंख्यामागची पट्टी ताठ होऊन फडफडत होती, पण वरच्या दिशेला, प्रोसेसरकडे. कारण तिच्या वाटेत चार डिस्कांचा पिंजरा आणि स्टोरेज कार्डाच्या केबलींचा जुडगा होता. हवेने अडथळा बघून मोकळी बाजू धरली होती. दोन कार्डांमधली पट्टी थरथरत ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याकडे ओढली जात होती. हीटसिंकजवळची पट्टी सरळ लोंबत होती, ओळंब्यासारखी. तिच्यावर टॉर्च धरून मी मिनिटभर थांबले. ती हलली नाही. बाजूला तीन पंखे फिरत होते आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर वाऱ्याचा मागमूस नसलेली शांतता होती.

मागची पट्टी आतल्या बाजूला वळलेली होती, हे मला सगळ्यात शेवटी दिसलं. त्या चौथ्या स्लॉटची पत्र्याची पट्टी मीच काढून टाकली होती, गरम हवेला बाहेर पडायला आणखी एक दार मिळेल म्हणून. पण पुढच्या पंख्याची हवा अडलेली, आणि मागचा पंखा व एसएमपीएसचा पंखा दोघंही बाहेर फेकणारे. त्यामुळे आत हवेचा तुटवडा, आणि तो भरून काढायला त्या भोकातून हवा आत येत होती. तीसुद्धा कुठली, तर नुकतीच मागच्या पंख्याने बाहेर टाकलेली, भिंतीवर आपटून परतलेली. कॉम्प्युटर भिंतीला जवळजवळ टेकून होता. म्हणजे बाहेर काढलेली ऊब मागच्या दाराने पुन्हा आत येत होती, आणि ते दार माझ्या हाताने उघडलेलं होतं.

त्या रात्री मी एक हिशेब केला. सगळी कार्डं धरून आत साधारण २०० वॅट उष्णता तयार होते असं धरू. आत येणारी हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांनी तापू द्यायची, त्याहून जास्त नाही. हवेची घनता आणि तिची उष्णता धरण्याची ताकद बघितली, तर त्यासाठी मिनिटाला जेमतेम १ घनमीटर हवा पुरते. सेकंदाला सुमारे १७ लिटर. माझं कॅबिनेट १८ लिटरचं. म्हणजे आतली सगळी हवा दर सेकंदाला बदलली तर काम भागतं. ऐकायला हे फार वाटतं, पण पंख्यांच्या डब्यांवरचे आकडे बघितले तर दोन साध्या पंख्यांत एवढी हवा असते. अर्थात ते आकडे समोर काहीही नसताना मोजलेले असतात. जाळी, फिल्टर, पिंजरा, केबली आल्या की त्यातलं बरंच उणं होतं. तरीही माझ्याकडे हवेचा एकूण तुटवडा नव्हता. १ घनमीटर आत येत असेल, तरी त्यातली चिमूटभरही जिथे हवी तिथे पोचत नव्हती. यानंतर जास्त जोराचे पंखे घ्यायचा विचार मी सोडून दिला.

कार्डांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कार्ड ही उष्णतेची वस्तू आहे तशीच ती एक भिंतही आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये प्रत्येक कार्ड आडव्या फळीसारखं बसतं, आणि चार कार्डं बसली की कपाटाचे खण तयार होतात. दोन स्लॉटमधलं अंतर ठरलेलं आहे, २०.३२ मिलिमीटर. त्यात वरच्या कार्डाचा हीटसिंक आणि पंख्याची जाडी आली की हवेला उरते बोटभर फट. शिवाय अशा कॅबिनेटमध्ये कार्डावरच्या चिपा आणि हीटसिंक खालच्या बाजूला येतात. गरम हवा वर जायला बघते आणि वर तर कार्डाचीच पाठ. याला इतिहास आहे. आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमधल्या कार्डांवर सुटे भाग दुसऱ्या बाजूला असत. १९९२ साली पीसीआय ही नवी पद्धत आली तेव्हा तिची मांडणी आरशातल्यासारखी उलटी केली, म्हणजे एक आयएसए आणि एक पीसीआय स्लॉट शेजारी ठेवून मागची एकच जागा दोघांना वापरता यावी. तेव्हाची कार्डं गरम होत नसत, त्यामुळे तोंड खाली की वर याने काही बिघडत नव्हतं. तिच्यानंतर आलेल्या, आजच्या पीसीआय एक्सप्रेसनेही तीच बाजू चालू ठेवली. आज त्याच स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, आणि कार्ड अजून तोंड खाली करून बसलेलं आहे.

हे बदलायचा एक मोठा प्रयत्न झाला होता. इंटेलने २००४ च्या सुमारास बीटीएक्स नावाची मांडणी आणली. पुढून पंखा, त्याच्या समोर प्रोसेसर, मग बाकीचं सगळं एका सरळ रेषेत, आणि ग्राफिक्स कार्डाचं तोंड वर. बोर्डाची रचना करण्याआधी हवेची रेषा आखलेली. पुढे कमी वीज खाणारे प्रोसेसर आले, त्यामुळे निकड उरली नाही, आणि दोन-तीन वर्षांत ती मांडणी मागे पडली. मला याचं खरंच वाईट वाटतं. प्रोसेसर थंड झाले म्हणून हवेचा विचार सोडून दिला, आणि मग उष्णता कार्डांकडे गेली.

त्याआधीचीही एक गोष्ट मला आवडते. १९७७ च्या अ‍ॅपल टूमध्ये आठ स्लॉट होते आणि पंखा एकही नव्हता. झाकण हाताने उघडायचं, कार्ड खोचायचं, एवढा तो मोकळा कॉम्प्युटर. लोकांनी आवडीने कार्डं भरली आणि मशीन तापू लागली. मग केन्सिंग्टन कंपनीचा सिस्टिम सेव्हर नावाचा पंखा निघाला, मशीनच्या कुशीला बाहेरून अडकवायचा. जिथे हवेच्या फटी होत्या तिथेच तो बसायचा आणि आतली हवा ओढून बाहेर काढायचा. माझ्या टेबलाखाली जे झालं ते कॉम्प्युटर घरी आले तेव्हापासून होत आलंय, हे कळल्यावर मला धीर आला.

आता दुरुस्ती. पहिल्यांदा मी घाईने ४० मिलिमीटरचा एक इवलासा पंखा स्टोरेज कार्डाच्या हीटसिंकवर स्क्रूने बसवला. तापमान धाडकन खाली आलं. पण माइक लावून ऐकलं, तर खोलीत डास अडकल्यासारखा एक अखंड सूर. तो सूर कुठला हे सांगता येतं. पंख्याला सात पाती, मिनिटाला ५,००० फेरे. सात गुणिले ५,००० भागिले ६० म्हणजे सेकंदाला ५८३ कंपनं. माणसाच्या बोलण्याच्या ऐन मध्यात पडणारा सूर. तो गाळायला जावं तर माझ्या आवाजातलं अंगही त्याच्याबरोबर जातं. त्याऐवजी मोठा पंखा संथ फिरवला, तेवढीच सात पाती पण ७५० फेरे, की तोच सूर ८७ कंपनांवर येतो. बायकांच्या बोलण्याचा तळ त्याच्या बराच वर असतो. १०० च्या खालचं सगळं मी रेकॉर्डिंगमध्ये तसंही कापते. म्हणजे त्या हिशेबाने मोठा, आळशी पंखा माझ्या माइकला ऐकूच येणार नव्हता.

फक्त संथ पंखा पुरेल का, ही धास्ती होती. इथे मला हवेचा एक स्वभाव कळला आणि तो कळल्याचा आनंद अजून आहे. हवा स्वतः उष्णतेची फार वाईट वाहक आहे. हीटसिंकच्या पात्यांना हवेचा एक पातळ थर चिकटून बसतो आणि तोच पांघरुणाचं काम करतो. हवा अगदी स्तब्ध असते तेव्हा हे पांघरूण जाड असतं. जरा वारा सुटला की ते झपाट्याने पातळ होतं, आणि त्यानंतर वारा कितीही वाढवला तरी पहिल्याइतका फरक पडत नाही. लोंबणारी पट्टी हलायला लागली, की सगळ्यात मोठं काम तिथेच झालेलं असतं. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण त्याला लागणारी ताकद आठव्या हिश्शावर येते, आणि आवाज तर त्याहून झपाट्याने बसतो. माझ्यासारख्या शांततेवर जगणाऱ्या माणसाच्या बाजूने निसर्गाचा एवढा स्पष्ट कौल क्वचितच मिळत असेल.

मग एका रविवारी सगळं बाहेर काढलं. केबलींचा जुडगा सोडवून मदरबोर्डच्या मागच्या फटीतून फिरवला. पिंजऱ्यातल्या डिस्क एकाआड एक बसवल्या. सगळ्यात खालच्या स्लॉटमध्ये स्टोरेज कार्ड नेलं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्यात दोन मोकळे खण राहिले. याला मी आधी तयार नव्हते. वरच्या स्लॉटला आठ लेन, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, मिळत होत्या, खालच्याला चारच, आणि आकडा कमी झाला की आपलं काहीतरी गेलं असं वाटतं. पण पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेनमधून सेकंदाला जवळजवळ ४ गिगाबाइट जातात, आणि माझ्या चारही हार्ड डिस्क एकदम धावल्या तरी १ गिगाबाइटच्या आसपासच पोचतात. सोडलं ते मी कधी वापरलंच नव्हतं.

नेटवर्क कार्डाचंही तेच झालं. एक तासाचं माझं रेकॉर्डिंग, एका चॅनेलचं, सेकंदाला ४८,००० नमुन्यांचं आणि २४ बिटचं, होतं साधारण ५१८ मेगाबाइट. मदरबोर्डवरच्या साध्या १ गिगाबिटच्या जोडणीतून ते पाच सेकंदांत जातं. ते पाच सेकंद वाचवायला मी अख्खा एक तापलेला खण आत बसवला होता. कार्ड चांगलं होतं, ज्याला रोज मोठे व्हिडिओ हलवायचे त्याला ते हवंच. मी ते अशाच एका मैत्रिणीला दिलं. कॅबिनेटमधून हवा खेळवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय कुठला असं मला विचारलं, तर मी आधी विचारीन की आतलं कुठलं कार्ड बाहेर निघू शकतं.

चौथ्या स्लॉटची काढून टाकलेली ती पत्र्याची पट्टी ड्रॉवरमध्ये सापडली. ती जागेवर बसवून स्क्रू पिळताना फार बरं वाटलं. कॉम्प्युटर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला.

राहिला संथ पंखा. तो कुठे बसवायचा याला कॅबिनेटमध्ये जागाच नव्हती. पिंजऱ्याच्या मागच्या कडेला, कार्डांच्या टोकांसमोर तो उभा करावा लागणार होता. आधी पुठ्ठ्याचा नमुना केला. पंख्याच्या चौकटीपासून निघून कार्डांच्या टोकांपर्यंत निमुळती होत जाणारी हवेची एक नळी, वर ग्राफिक्स कार्डाच्या किंचित खाली संपणारी. तीन वेळा कापली. पहिली केबलला अडत होती, दुसरीत हवा तळातून निसटत होती. तिसरी बसली, तेव्हा तिच्यावरून जुन्या फाइलच्या जाड प्लॅस्टिकची नक्कल केली, कारण पुठ्ठा तिथे कायम ठेवायचा नव्हता. घड्या घालायच्या जागी पट्टीने रेघ ओढून घेतली, कडा चिकटपट्टीने शिवल्यासारख्या बंद केल्या, आणि हीटसिंकपासून दोन बोटं दूर राहील एवढी जागा सोडली. पंखा रबरी खिळ्यांवर टांगला, म्हणजे त्याची कंपनं पत्र्यात उतरू नयेत.

पुन्हा पारदर्शक प्लॅस्टिक, पुन्हा टॉर्च. हीटसिंकजवळची पट्टी हलली. फडफडली नाही, नुसती मागच्या बाजूला कलली आणि तशीच कललेली राहिली, कुणी हलक्या हाताने धरून ठेवल्यासारखी. मी उठून खोलीभर दोन फेऱ्या मारल्या आणि परत येऊन बघितलं. तशीच.

मल्टिमीटरवर हीटसिंक ५० च्या खाली आला. एवढ्या पंख्यावर मला इतकं अपेक्षित नव्हतं. नंतर हीटसिंक काढून चिप आणि त्याच्यामधली जुनी, खडूसारखी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, तेव्हा आणखी थोडा उतरला.

धुळीबद्दल थोडंसं. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा जराशी जास्त ठेवली, तर फटीफटींतून हवा बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टर असलेल्या तोंडाशीच अडते. आत कमी आणि बाहेर जास्त असेल, तर प्रत्येक फट धूळ ओढते. लहान कॅबिनेटमध्ये पंखा नसलेली कार्डं असतील तर मी निःसंशय पहिल्या बाजूची आहे. मात्र फिल्टर वेळेवर झटकला नाही, तर काही महिन्यांत आपल्या नकळत पहिल्याचं दुसरं होतं. म्हणून दर तीन महिन्यांनी मी तो धुते. तेव्हाच पंख्याची पाती बोटाने धरून आतून धूळ उडवते. धरली नाहीत तर झोताने पंखा नको इतका गरगरतो.

आणि खोली. कॅबिनेट कितीही नीट केलं तरी आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. रेकॉर्डिंगला मी खोली बंद करते. तिथे कॉम्प्युटरची उष्णता असते आणि माझीही, शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून १०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. तासाभरात खोली दोन-तीन अंशांनी चढते, तेवढेच अंश आतल्या प्रत्येक कार्डावर चढतात. आता दर पाऊण तासाला मी दार उघडते, पाणी पिते, दहा मिनिटं थांबते. घशालाही ते हवंच असतं. पूर्वी मी ते टाळत असे.

हरवलेलं प्रकरण पुन्हा वाचायला महिना गेला. त्या वर्णनाशी आल्यावर आवाज थोडा अडखळला, मग लागला. पहिल्यासारखा नाही, वेगळा. कदाचित थोडा सावकाश.

वाचायला बसण्याआधी मी नेहमी अर्धा मिनिट काहीच न बोलता रेकॉर्ड करते. खोलीची शांतता कशी आहे ते कळावं आणि पुढे आवाज साफ करताना तिचा नमुना हाताशी असावा म्हणून. जुन्या फायलींमधले हे अर्ध्या मिनिटांचे तुकडे लावून ऐकले, तर कार्डं कधी कधी आली ते सांगता येतं. आधी नुसती भिंतींची शांतता. मग ग्राफिक्स कार्डाचा मधूनच चढणारा सुस्कारा. मग त्या इवल्या पंख्याचा डास. अलीकडच्या तुकड्यांत तो नाही. कान देऊन ऐकलं तर तळाशी एक संथ, गोल घुमणं आहे. मधले दोन स्लॉट रिकामे आहेत, पत्र्याच्या पट्ट्या घट्ट बसवलेले. कागदाची ती एक पट्टी मी आत तशीच ठेवली आहे. फिल्टर धुवायला पत्रा काढते तेव्हा आधी तिच्याकडे बघते, कागद पिवळा पडलाय, चिकटपट्टीचा कोपरा सुटू लागलाय. पुढच्या वेळी नवी कापून लावीन.